इंधनाची डचमळ आणि छोट्या उपग्रहाची दिशा : या चुका टाळा

कोल्हापुरात गंगावेशीतून दुधाचे अर्धे भरलेले कॅन सायकलला अडकवून नेणाऱ्याला हँडलवर जे जाणवते, ते उपग्रहाचे गणित मांडताना पुष्कळदा विसरले जाते: भांडे थांबले तरी आतला द्रव थांबत नाही.

येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी छोट्या उपग्रहाचा आराखडा करायला घेतला, तर पहिली चूक इंधनाला घन वस्तुमान मानण्याची होईल. भरलेल्या टाकीत ते चालून जाते. टाकी मधल्या पातळीवर आली, की हलणाऱ्या भागासाठी लंबक किंवा स्प्रिंगला जोडलेले वस्तुमान धरावेच लागते.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे प्रयोगशाळेतील टेबलावर मोजलेली हेलकाव्यांची वारंवारता (सेकंदाला किती हेलकावे) कक्षेतही तशीच धरणे. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या दंडगोल टाकीतले पाणी जमिनीवर सेकंदाला साधारण दोन वेळा हेलकावते. परंतु १०० किलोच्या उपग्रहावर १ न्यूटनचा थ्रस्टर (उपग्रहाला ढकलणारे छोटे इंजिन) चालू असताना त्वरण गुरुत्वाच्या हजाराव्या भागाइतकेच उरते आणि वारंवारता त्वरणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्यामुळे एका हेलकाव्याला सुमारे १५ सेकंद लागतात. हा आकडाही अंदाजच समजावा, कारण इतक्या कमी त्वरणात पृष्ठताणाचा परिणाम त्वरणाच्या परिणामाच्या बरोबरीला येतो आणि थ्रस्टर बंद होताच द्रवाचा ताबाच घेतो.

दिशा डोलू लागली, की नियंत्रकाचा (दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, वाढवण्याचा मोह होतो. डचमळीची वारंवारता नियंत्रक ज्या वारंवारतांना प्रतिसाद देतो त्या पट्ट्याजवळ असेल, तर उशिरा पोहोचणारी दुरुस्ती हेलकाव्याला आणखी ढकलते. मार्च २००७ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन १ रॉकेटच्या दुसऱ्या उड्डाणात वरच्या टप्प्यातील द्रव ऑक्सिजनच्या डचमळीने दोलने अशीच वाढत गेली. त्या टाकीत लाटा अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या (बॅफल) बसवलेल्या नव्हत्या. ते रॉकेट होते हे खरे, पण छोट्या उपग्रहाच्या प्रतिक्रिया-चाकांचे (फिरून उपग्रहाची दिशा बदलणाऱ्या चाकांचे) बळ तुटपुंजे असल्याने तेथे सवड आणखी कमी असते. अरुंद नॉच फिल्टरवरही (एकाच ठरावीक वारंवारतेला गाळणाऱ्या फिल्टरवर) विसंबू नये, कारण पातळी आणि त्वरण बदलले की वारंवारता त्याच्या बाहेर सरकते. त्यापेक्षा वळण हळुवार सुरू करून हळुवार थांबवणे बरे. लवचीक पडदा असलेली टाकी डचमळ पुष्कळ कमी करते, मात्र पडद्याचा स्वतःचा ताठरपणा गणितात घ्यायला हवा.

दोष शोधताना जायरो (फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण) आणि चाकांच्या वेगाच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. थ्रस्टर चालू-बंद होताना दोलनाचा काळ स्पष्टपणे बदलत असेल, तर संशय इंधनावर घ्यावा. तो जवळजवळ तसाच राहत असेल, तर आधी सौर पंखांची लवचिकता तपासावी.