आतड्याची रिपरफ्युजन इजा: संशोधनाची सुरुवात करताना

रक्तपुरवठा तुटला की आतडे मरते, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण तो पूर्ववत झाल्यावर (म्हणजेच रिपरफ्युजन झाल्यावर) इजा आणखी वाढते, हे सहजासहजी पटत नाही. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी पार्क्स आणि ग्रेंजर यांचा १९८६ चा मांजरांवरील प्रयोग आधी वाचायला सांगतो. तीन तास रक्तप्रवाह घटवून नंतर एक तास तो पूर्ववत केलेल्या आतड्याच्या अस्तराला, सलग चार तास अपुऱ्या रक्तावर ठेवलेल्या आतड्याच्या अस्तरापेक्षा जास्त इजा झाली होती.

यापुढचा खरा गुंता रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियममधून, म्हणजे आतल्या अस्तरातून, निघणाऱ्या संदेशवाहक रेणूंचा आहे. तेथे सतत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या रुंद ठेवतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना भिंतीला चिकटू देत नाही. ही दुसरी गोष्ट क्यूब्स, सुझुकी आणि ग्रेंजर यांनी १९९१ मध्ये दाखवली. रक्त परतल्यावर मात्र झँथिन ऑक्सिडेज या विकरासारख्या (एन्झाइमसारख्या) स्रोतांतून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा क्रियाशील रेणू निर्माण होतो, तो नायट्रिक ऑक्साइडशी अतिशय वेगाने संयोग पावतो, आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे घातक ऑक्सिडीकारक तयार होते. म्हणजे संरक्षक रेणू कमी होतो आणि त्याच्याच खर्चाने नवे विष वाढते. काही तासांनी दाहामुळे जागे होणारे आयनॉस (iNOS) हे नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर त्याचे प्रमाण पुष्कळ वाढवते. दुसऱ्या बाजूला, यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये शोधलेले एंडोथेलिन-१ वाहिन्या आवळते, आणि मुळातच ऑक्सिजन कमी पोहोचणाऱ्या व्हिलायच्या (आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारख्या उंचवट्यांच्या) टोकांना त्याची झळ अधिक लागते. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड तारक की मारक, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो; कोणत्या विकराने, कोणत्या तासाला, किती प्रमाणात बनवलेला, हे ठरवल्याशिवाय परस्परविरोधी निबंधांचा मेळ बसत नाही.

प्रयोग आखताना हेच भान ठेवावे लागते. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे एल-नेम दिल्यावर इजा वाढली, तरी या औषधाने रक्तदाब वाढतो आणि आतड्याचा रक्तप्रवाह घटतो, म्हणून दोन्हींची नोंद नसेल तर निष्कर्ष लंगडा पडतो. नायट्रिक ऑक्साइडचा अंदाज घेण्यासाठी ग्रीस या रंगचाचणीच्या पद्धतीने त्यापासून बनणारे नायट्राइट-नायट्रेट मोजताना उंदरांच्या खाद्यातील नायट्रेटही मोजले जाते. आहार नियंत्रित ठेवणे कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या सुपिरिअर मेसेंटेरिक धमनीला क्लॅम्प लावलेला असताना उंदराचे शरीर थंड पडले, तर थंडीनेच आतड्याचे रक्षण होते आणि ते श्रेय चुकून औषधाला मिळते, म्हणून तापमान सतत पाहावे. फक्त पोट उघडून धमनी न बांधलेला गटही हवाच. ऊतींचे नमुने प्रत्येक वेळी आतड्याच्या त्याच भागातून घेऊन लगेच फॉर्मलिनमध्ये टाकावेत, कारण उशीर झाल्यास व्हिलायची टोके आपोआप विघटित होऊन खोटी इजा दिसते. आणि अस्तराच्या इजेला ० ते ५ अशी चिऊ श्रेणी देणाऱ्याला नमुना कोणत्या गटातला आहे, हे कळू देऊ नये.