रीमॅप दिवाळीनंतर, तयारी आत्तापासून

गणपती गेले की नाशिकच्या टर्बोवाल्यांच्या गप्पांत एकच विषय सुरू होतो: यंदा थंडीत रीमॅप करायचाच, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली (ईसीयू) फाइल बदलून ताकद वाढवायची. वेळ बरोबर निवडलेली असते. डिसेंबरात निफाडचा पारा एक आकड्यावर येतो, हवा घट्ट असते, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला उसंत मिळते आणि टर्बो गाडी जी ओढ दाखवते ती मे महिन्यात दिसत नाही. पण चार महिने इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस खाल्लेली, सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी तशीच ट्यूनरच्या दारात नेऊन उभी करू नका. पोलो जीटी असो, ऑक्टाव्हिया आरएस असो की बीएमडब्ल्यूची एम३४०आय, माझं सांगणं एवढंच आहे की ताकद सगळ्यात शेवटी. कंपनीने दिलेले पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप) गाडी आज पूर्ण देते का, ते आधी बघा.

सुरुवात गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरपासून. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हन, बीएमडब्ल्यूला तिचं वेगळं सॉफ्टवेअर. आपल्या ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असतंच. सगळी मॉड्यूल्स स्कॅन करा आणि कोड उडवण्याआधी फोटो काढून ठेवा. पी०२९९ म्हणजे टर्बो मागितलेला बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, देत नाही. पाइप सुटलाय, दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह गेलाय किंवा टर्बोचा दाब आवरणारं वेस्टगेट सैल झालंय. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरला गाडी मिस मारते. आधी कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बदलून बघा, कोड तिच्यामागे गेला तर कॉइल, नाहीतर प्लग. पी००१६ आला तर तिथेच थांबा. कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही, म्हणजे टायमिंग चेन किंवा बेल्ट उघडून बघितल्याशिवाय पुढचं काही नाही. लॉरा आणि सुपर्बमधल्या जुन्या १.८ टीएसआयवाल्यांनी तर कोडची वाटच बघू नये. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन सेकंद खरखर ऐकू आली, तर चेनचा टेन्शनर बदलायची वेळ आली आहे. तो निसटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि बिल इंजिनाचं येतं.

मग पाण्याच्या वाटा. याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. कॉलेज रोड, गंगापूर रोडला झाडाखाली गाडी लागते, आणि बारीक पानांचा चुरा वायपरखालच्या जाळीतून आत जातो. बॉनेट उघडून काचेच्या बुंध्याचं प्लॅस्टिकचं कव्हर उचला. काळा लगदा साचलेला असेल तर हाताने काढा आणि दोन्ही कोपऱ्यांतली निचऱ्याची भोकं मोकळी करा. ती बुजली की पाणी एसीच्या ब्लोअरमध्ये आणि तिथून डाव्या बाजूच्या कार्पेटखाली उतरतं. सनरूफ असेल तर ती पूर्ण उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी सावकाश सोडा आणि खाली वाकून बघा. पुढच्या दरवाजाच्या बिजागराजवळ किंवा चाकामागे धार दिसली पाहिजे. दिसली नाही, तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी त्या नळीत हळूहळू सरकवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडापासून सुटते आणि मग छताचं कापड उतरवावं लागतं. बीएमडब्ल्यूत बूटचा तळ उचलून बॅटरीभोवती ओल आहे का बघा. त्याच फेरीत बॅटरीचं वय वाचा. बॅटरी बदललीत तर बीएमडब्ल्यूच्या संगणकाला ती नवीन आल्याचं स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबानेच चालू राहतं.

गाडी मळ्यात, कांदाचाळीशेजारी लागत असेल तर उंदरांचं बघा. इंजिन कव्हर काढून इंजेक्टरचं वायरिंग, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी आणि बॉनेटच्या आतला फोम टॉर्चने तपासा. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून झाकू नका. सोल्डर करा, वर हीटश्रिंक चढवा.

आता ऑइल. डब्यावरचा ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० हा आकडा पुरेसा नाही, मागच्या बाजूचं अप्रूव्हल वाचा. फोक्सवॅगन घराण्याला मॅन्युअलप्रमाणे ५०२.००, ५०४.०० किंवा नव्या इंजिनांना ५०८.००, बीएमडब्ल्यूला एलएल-०१ किंवा एलएल-०४ अशा मालिकेतलं, मर्सिडीजला २२९.५ वगैरे. कंपनी पंधरा हजार किलोमीटर किंवा वर्ष म्हणते. रीमॅप करणार असाल तर ते निम्म्यावर आणा. द्वारका-नाशिकरोडच्या ट्रॅफिकमध्ये तासन्तास रांगणाऱ्या गाडीचे किलोमीटर आणि ऑइलचं खरं वय यांचा मेळ बसत नाही. काठीवरची पातळी सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटांनी बघा आणि दर हजार किलोमीटरला लिहून ठेवा. या टर्बो इंजिनांनी थोडं ऑइल पिणं नवल नाही, फोक्सवॅगनचं मॅन्युअलच हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत मुभा देतं. पण तुमची गाडी त्या टोकाला पोचली असेल तर रीमॅपचे पैसे आधी तिथे खर्च करा. डब्यावर एपीआय एसपी असेल तर चांगलंच. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात कमी आरपीएमवर, जास्त भाराखाली होणाऱ्या अवेळी स्फोटाची चाचणी आहे. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांना हा त्रास होतो, आणि रीमॅपने खालच्या आरपीएमचा टॉर्क वाढला की धोकाही वाढतो. म्हणून सावळघाट चढताना वरच्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर पाय दाबून धरू नका, एक गिअर खाली घ्या.

ऑइलचं झाकण उघडलंच आहे, तर इंजिन आयडलवर ठेवून आणखी एक गोष्ट बघा. झाकण आतून जोरात ओढलं जात असेल, शिट्टी वाजत असेल, तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटला आहे. दोन-चार हजारांत भागतं आणि ऑइल पिण्याची निम्मी तक्रार कधीकधी तिथेच मिटते. २.० टीएसआयमध्ये इनटेक मॅनिफोल्डखाली वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर असतं. थंड इंजिनावर टॉर्च मारून तिथे गुलाबी पापुद्रा दिसतो का बघा. दिसला तर कूलंट गळतंय, आणि कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी भरून दिवस ढकलणं हा त्यावरचा उपाय नाही. जुन्या बीएमडब्ल्यूत विजेवर चालणारा वॉटर पंप, एक्स्पान्शन टँक आणि टर्बोचा प्लॅस्टिकचा चार्ज पाइप हे तिन्ही संशयित धरा. बूस्ट वाढवला की चार्ज पाइप आधी फुटतो, तो अॅल्युमिनियमचा घेतलात तर त्याला मी मॉडिफिकेशन म्हणणार नाही, दुरुस्तीच म्हणेन. साठ-सत्तर हजारांपुढे सकाळी आयडल थरथरत असेल तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन धरलेला असतो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटलीने तो जाणार नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून साफ करावा लागतो.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, २५० न्यूटन मीटरपर्यंतचाच आहे. ट्यूनर त्याहून जास्त टॉर्कचा आकडा दाखवत असेल तर फाइल बदलून मागा. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीक्यू२५० ला साठ हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर लागतोच. आधीच्या मालकाच्या बिलात तो दिसत नसेल तर झालेला नाही असं समजा.

ब्रेकवर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण आपल्या गावाबाहेर पडलं की कुठेतरी घाट आहेच. इगतपुरीहून कसारा उतरताना पुढे कंटेनर, मागे एसटी, आणि पाय सतत पेडलवर. चार वर्षांचं जुनं ब्रेक ऑइल असेल तर खालच्या वळणांवर पेडल मऊ पडतं आणि खोल जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्याने त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ चा किमान दर्जा नवीन असताना २३० अंश आहे, पाणी शोषल्यावर १५५. पॅड दाबणारा कॅलिपर तापला की त्या ओलीची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइलसारखी ती जोर पुढे पोचवत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, चारही चाकांना ब्लीड करून, बदलल्याची तारीख झाकणाशेजारी लिहून. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का बघा. पावसाळ्यानंतर त्या जाम होतात आणि एकच पॅड झिजतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मागचे पॅड बदलण्याआधी स्कॅनरने कॅलिपर सर्व्हिस मोडला न्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावून पिस्टन दाबणारा मेकॅनिक दिसला तर त्याला तिथेच थांबवा, मोटर जाते. मोठे कॅलिपर, लाल रंग, हे नंतर. चांगले पॅड, ताजं ऑइल आणि घाट मॅन्युअल मोडमध्ये उतरायची सवय एवढ्याने स्टेज १ ची, म्हणजे पार्ट न बदलता फक्त रीमॅप केलेली, गाडी रस्त्यावर नीट थांबते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला, विशेषतः भरवीर किंवा गोंदे इंटरचेंजवरून समृद्धीला चढणार असाल तर. तिथे कारना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तासभर त्या वेगाने धावणं कमी हवेच्या टायरला सोसत नाही. हवा थंड टायरमध्ये भरा. बीएमडब्ल्यूतले रनफ्लॅट (पंक्चर झाले तरी काही अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर टाकणार असाल तर स्टेपनीचं काय ते आधी ठरवा, बूटमध्ये जागाच दिलेली नसते. अलॉय बदलताना पीसीडी (बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) आणि मधलं भोक दोन्ही जुळवा: पोलो ५×१००, ऑक्टाव्हिया ५×११२, दोघींचा हब ५७.१ मिलिमीटर. अलॉयचं भोक मोठं असेल तर फट भरणारी स्पिगॉट रिंग लागते, नाहीतर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही करा, जात नाही. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. अंबडला किंवा सातपूरला चांगल्या लेथवाल्याकडे माप द्या, अॅल्युमिनियमची रिंग नेमकी वळवून मिळते, बाजारातल्या प्लॅस्टिकच्या रिंगेपेक्षा कितीतरी बरी. बोल्ट एअरगनने आवळू देऊ नका. मॅन्युअलमधला आकडा बघून, फोक्सवॅगनला बहुतेकदा १२० न्यूटन मीटर, टॉर्क पान्याने आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पेट्रोल ठरवल्याशिवाय मॅप ठरत नाही. ट्यूनरला सांगा की मी नेहमी अमुक पंपावर ९५ ऑक्टेन भरतो, फाइल त्याला धरून लिही. १०० ऑक्टेनची फाइल घेऊन सुरगाण्याकडे गेलात आणि मिळेल ते भरावं लागलं, तर नॉक (अवेळी स्फोट) ओळखणारा सेन्सर ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो आणि तुम्ही पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच हरवते. ई२० मध्ये इथेनॉलमुळे ऊर्जा थोडी कमी, म्हणून अॅव्हरेज पडतं, ते गाडीत बिघाड समजून घाबरू नका. जुन्या गाडीच्या रबरी फ्युएल पाइपवर मात्र बोट फिरवून तडे बघा.

कागदांचंही बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करू देत नाही, आणि १८२ए(४) खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलायचा तर पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप टाकणं मला मान्य नाही. आर्गन वेल्डिंगने कितीही सुबक बनवून मिळत असला, तरी धूर गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर क्लेम अडकतो, आणि वॉरंटीतल्या फोक्सवॅगन-ऑडीत कंपनीच्या सिस्टीमला रीमॅप सापडला की गाडीवर टीडी१ अशी खूण बसते आणि वॉरंटीचा दावा अडतो. वॉरंटी चालू असेल तर माझा सल्ला सरळ आहे, ती संपेपर्यंत टायर आणि ब्रेकवर खर्च करा.

एवढं सगळं झालं की ट्यूनर. त्याला तीन गोष्टी विचारा: मूळ फाइल वाचून मला देणार का, आधी आणि नंतर एकाच डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र), एकाच दिवशी रन घेणार का, आणि प्रत्येक सिलिंडरचं नॉक करेक्शन लॉगमध्ये दाखवणार का. यातल्या एकाला जरी टाळाटाळ झाली तर दुसरा शोधा, भले पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी. लॉग डायनोवरच घ्या, विल्होळीच्या पुढे हायवेवर नाही. जायच्या आधी नवे स्पार्क प्लग, ट्यूनर सांगेल तो गॅप, नवा एअर फिल्टर आणि टाकीत ठरलेलं ९५. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल ईसीयूत लिहिताना, बॅटरीला स्थिर चार्जर जोडलेला हवा, एसी, लाइट, म्युझिक सगळं बंद हवं. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जातो आणि गाडी टो करून न्यावी लागते. चार्जर दिसला नाही तर किल्ली देऊ नका.