जे/२४ साठी परवडणारी सुकी जागा: माझा अनुभव

आमची जे/२४ ही शर्यतीची शिडाची बोट साधारण २४ फुटी, वजन सुमारे १४०० किलो. पाण्याबाहेर, जमिनीवर ठेवायला तिला स्वस्त जागा हवी होती. तिची स्थिर कील (तळाखाली पक्कं बसवलेलं जड पातं) १.२२ मीटर पाण्यात जाते, म्हणून डिंगीसारखी (छोट्या हलक्या होडीसारखी) ती उतारावरून ढकलता येत नाही. मुंबई बंदरात मुरिंगवर (पाण्यातच नांगरलेल्या बोयाला बांधून) ठेवली की तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, शर्यतीतला वेग जातो. पावसाळ्यात तर ती बाहेर काढावीच लागते.

शेवटी रायगड किनाऱ्यावर मच्छीमार होड्या बांधतात त्या आवारात कोपरा भाड्याने घेतला. नाखव्याशी हंगामभराचं ठरवलं; सेलिंग क्लबातल्या जागेच्या मानाने हे फारच स्वस्त पडलं. बोट ट्रेलरवर असते, डोलकाठी उतरवलेली. सगळा भार कीलवर हवा. बाजूच्या गाद्या फक्त तोल सांभाळायला. ताडपत्री डेकला चिकटू देऊ नका, आत हवा खेळली पाहिजे.

खरा प्रश्न पाण्यात उतरवण्याचा होता, आणि तो हायड्राने (चाकांवरच्या फिरत्या क्रेनने) सुटला. जे/२४ कीलच्या बोल्टांना पट्टा अडकवून एकाच बिंदूतून उचलता येते, त्यामुळे पोटाखालून पट्टे घालण्याची कसरत नाही. मात्र हायड्राचा बूम (क्रेनचा हात) जितका लांब करावा, तितकी तिची ताकद कमी. म्हणून उधाणाची भरती गाठायची: पाणी धक्क्याजवळ वर येतं, कीलला खोली मिळते आणि बोट धक्क्यालगतच उतरवता येते. अमावास्या-पौर्णिमेला इथे ती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणजे काम भर उजेडात. धक्क्याची परवानगी आधी काढा. शेजारच्या बोटवाल्यांना त्याच दिवशी बोलावलं, तर हायड्राचं भाडंही वाटून जातं.