हॉस्पिटलच्या डिजिटल सिस्टीमच्या कामात नवीन आहात? आधी वॉर्डात बसा

रुग्णांच्या नोंदी कागदावरून कॉम्प्युटरवर आणायच्या या कामात आता बरेच नवीन लोक येतायत, कोणी नर्सिंग करून, कोणी सॉफ्टवेअरमधून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, कोर्स कोणता करू. कोर्स करा की, पण त्याआधी एक अख्खी ड्युटी वॉर्डात बसून काढा, लॅपटॉप बंद ठेवून, नुसतं बघत.

मी बसायचे तेव्हा हमखास दिसायचं ते सांगते. सिस्टर बीपी घेते, आकडा चिठ्ठीवर लिहिते, चिठ्ठी खिशात, की पुढचा पेशंट. कारण कॉम्प्युटर वॉर्डाच्या पार त्या टोकाला आणि त्यावर डॉक्टर डिस्चार्ज बनवत बसलेले. मग हॅन्डओव्हरच्या आधी खिशातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून एका दमात एन्ट्री. नंतर सिस्टीममधे वेळा बघितल्या तर सगळ्या वॉर्डाचं बीपी ड्युटी संपता संपता दहा मिनिटांत घेतल्यासारखं दिसतं. रिपोर्टमधे एन्ट्री शंभर टक्के, सगळे खूश, पण सकाळी ज्याचं बीपी घसरलं ते स्क्रीनवर येणार दुपारी, मग उपयोग काय? आणि यात सिस्टरचा काडीचा दोष नाही.

अभ्यासात तुम्हाला फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं टेक्नॉलॉजी अॅक्सेप्टन्स मॉडेल भेटेल, म्हणजे माणूस नवी सिस्टीम वापरेल का हे ती त्याला कामाची वाटते का आणि सोपी वाटते का यावर ठरतं. २००३ मधे वेंकटेश आणि इतरांनी त्याच्या पुढे जाऊन युटॉट (UTAUT) हे मॉडेल मांडलं, त्यात आजूबाजूच्यांचा प्रभाव आणि सोयीसुविधा हेही आले. या सोयीसुविधांचा परिणाम त्यात इच्छेवर नाही, थेट वापरावर दाखवलाय. मला हे फार पटतं. चिठ्ठीवाल्या सिस्टरची इच्छा होतीच, हाताशी मशीन नव्हतं! त्यामुळे "स्टाफ बदलाला विरोध करतो" असं मीटिंगमधे कोणी म्हणालं की लगेच मान डोलवू नका, आधी मशीन किती, नेटवर्क कुठपर्यंत पोचतं, अडलं तर फोन कोणाला करायचा हे विचारा.

दुसरं म्हणजे डबल एन्ट्री. सिस्टीम आली तरी जुनं रजिस्टर चालूच राहतं, कारण वरून कोणीतरी ते मागतं. ट्रेनिंग कितीही द्या, तेच दोनदा लिहायला लावलं की माणूस कंटाळणारच. रजिस्टर कोण मागतं ते शोधा आणि ते बंद करायची लेखी परवानगी ट्रेनिंगच्या आधी मिळवा. ती मिळेपर्यंत ट्रेनिंगची तारीख पुढे गेली तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॉर्मकडेही नीट बघा. जन्मतारीख सक्तीची केली की ज्यांना ती माहीत नाही ते सगळे १ जानेवारीला जन्मलेले सापडतात, तिथे अंदाजे वयाची सोय हवी. लॉगिनला वेळ लागत असेल तर सकाळी एकाने लॉगिन करायचं आणि दिवसभर सगळ्यांनी तेच वापरायचं हे होणारच, मग कोणी काय लिहिलं ते कळत नाही. अलर्टचं तसंच, ऊठसूट अलर्ट आले की न वाचता ओके दाबलं जातं आणि त्यात खरा धोक्याचा अलर्टही जातो.

टेक्निकल बाजूला एचएल सेव्हन (HL7) आणि फायर (FHIR), म्हणजे एका सिस्टीममधून दुसरीत आरोग्याची माहिती पाठवायची मानकं, आणि आयसीडी (ICD), म्हणजे आजारांच्या कोडची यादी, कशासाठी आहेत एवढं सुरुवातीला पुरे. हात बसवायला आरोग्याची आकडेवारी गोळा करणारं, ओस्लो विद्यापीठातून तयार झालेलं डीएचआयएस टू (DHIS2) घ्या, किंवा रुग्णांच्या नोंदी ठेवणारं ओपनएमआरएस (OpenMRS) घ्या, दोन्ही ओपन सोर्स आहेत, डेमोवर वाट्टेल ते करून बघता येतं.

आणि सिस्टीम सुरू होईल त्या आठवड्यात रात्रपाळीला थांबा, तेव्हा स्टाफ कमी असतो आणि विचारायला कोणीच नसतं. कोणाचं काय अडलं ते लिहून घ्या, आणि त्यातलं जे दुरुस्त झालं ते त्याच सिस्टरला परत जाऊन दाखवा.