रंकाळ्याची संध्याकाळ टिपताना

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पूर्वेच्या काठावरून पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसकडे कॅमेरा रोखला, की मावळता सूर्य समोर येतो आणि आकाश व तलावातला काळ्या दगडाचा जुना मंडप, संध्यामठ, यांच्या उजेडातील तफावत कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या आवाक्याबाहेर जाऊ शकते. म्हणून रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती जपणाऱ्या) स्वरूपात, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि छिद्र एफ/११ ठेवून, हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजव्या टोकाचा भाग कापला जाणार नाही इतपत एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) कमी करावे. सावलीतील तपशील नंतर बराचसा उजळता येतो, अतिप्रकाशाने पांढरे पडलेले, ‘जळालेले’ आकाश मात्र परत मिळत नाही. पाण्यातील प्रतिबिंब प्रत्यक्ष आकाशापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडाइतके) गडद असते, त्यामुळे ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद व खालचा पारदर्शक असलेली काच) एक स्टॉपचाच पुरे; अधिक गडद फिल्टरने प्रतिबिंब आकाशाहून उजळ दिसू लागते, आणि ते डोळ्याला तत्काळ खटकते.

रचनेत क्षितिज काटेकोर आडवे असावे. वारा थांबून प्रतिबिंब पूर्ण उमटले असेल, तरच क्षितिज मध्यावर ठेवावे. एरवी, माझ्या मते, कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणून काठावरचे दगड चौकटीत घेणे अधिक परिणामकारक ठरते. चौकटीत संध्यामठ शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर चढलेला, म्हणजे त्याला झाकणारा, दिसत असेल, तर दोन पावले बाजूला सरकावे.