कमी वजनाच्या बाळाचं दूध आणि जंतुसंसर्ग: या चुका टाळा

“पोटात दूध राहतंय, म्हणून फीड बंद ठेवलंय.” सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सकडून बाळांची माहिती घेताना, हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. किती राहिलं? दोन मिली. रंग? पांढरा. पोट? मऊ. मग बंद कशाला?

मी रजेवर असताना १३०० ग्रॅमच्या एका बाळाचं असंच झालं. दर दोन तासांनी दूध द्यायला पोटात घातलेल्या नळीतून ओढून बघायचं, थोडं दूध दिसलं की पुढचं फीड टाळायचं. चार दिवस नुसतं सलाइन. दहा टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनच्या, १०० मिलीत ३४ कॅलरी असतात. अशा बाळाला किलोमागे दिवसाला निदान ११० लागतात. शिवाय सुई जितके दिवस, तितके दिवस जंतूंना दार उघडं. पाचव्या दिवशी अंग गार, श्वास मध्येच थांबायला लागला, रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू शोधायच्या तपासणीत) जंतू निघाले. आईचा चीक तोवर फ्रीजमध्ये सिरिंजांत पडून होता, वर तारीख-वेळ नीट लिहिलेली! बाळ वाचलं, पण घरी जायला दीड महिना लागला.

नळी जागेवर आहे ना, एवढं मी दर वेळी बघते. किती उरलं हे मोजायला ओढत नाही. हिरवं किंवा रक्ताळलेलं आलं, पोट फुगून ताठ झालं, तर मात्र फीड थांबवून डॉक्टरांना झोपेतून उठवते.

वजन वाढेना म्हणून एकदम दुप्पट दूध? नको.

वाटी-चमचा नळाखाली विसळून चालत नाही, उकळा. दहा मिनिटं. घड्याळ लावून.

मध, गुटी, गूळपाणी: एक थेंबही नाही.

आईला दूध कमी म्हणून लगेच पावडरचा डबा उघडू नका. बंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. आधी जवळच्या मिल्क बँकेत, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं तिथे, विचारा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली सुरू केली. तिथे दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून मगच देतात.

आणि घरी गेल्यावरची चूक. आजी कौतुकाने सांगतात, “गुणी आहे हो, रडत नाही, दूधही मागत नाही.” काल ओढून पिणारं बाळ आज चोखत नसेल, तर ताप यायची वाट बघू नका, एवढ्याशा जिवाला ताप न येता अंगच गार पडतं. हाताची मागची बाजू आधी पोटाला, मग पायाच्या तळव्याला लावा. पोटही गार लागलं तर बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधा आणि तसंच दवाखान्यात आणा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.