गच्चीवर सौर पॅनेल: सोसायटीचा ठराव करण्याआधी

चंद्रपूरच्या वीज केंद्रात कोळसा कमी जळावा असं मनापासून वाटत असेल, तर पुण्यात सुरुवात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपासून करा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरची १२ महिन्यांची बिलं सोबत हवीतच. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते, दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

सावली मात्र डिसेंबरातच तपासा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, टाकीची सावली लांबवर पसरते. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता तिच्या कडेने खडूची रेघ ओढा. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. वॉटरप्रूफिंग आधी उरका. सांगाडा उभा राहिल्यावर गळती शोधणं फार अवघड.